पिल्लाची आई कुठंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर बोअरवेल आणि पत्रिका जुळवणे यांच्या मधोमध कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिरातीचा एक चौकोन आहे बघा, 'लॅब, गोल्डन, हस्की, शिह त्झू पिल्ले मिळतील, शुद्ध जात, घरपोच सेवा'. खाली नुसता मोबाईल नंबर. नाव नाही, पत्ता नाही, रजिस्ट्रेशन तर सोडाच. अशाच एका नंबरवर आम्ही मागच्या वर्षी फोन केला होता म्हणून हे पत्र. आमचा नंबर पेपरातला नव्हता, मोबाईलवर जुने सोफे विकतात तिथला होता, पण मजकूर शब्दनशब्द हाच.

लेक सातवीत, दोन वर्षं कुत्रा कुत्रा करून डोकं खात होती, ह्यांनी एकदा बेसावधपणे हो म्हटलं आणि अडकले. लॅब (लॅब्राडोर) पंधरा हजार, जातीची नोंद असलेल्या केनेल क्लबच्या कागदांसकट पंचवीस. आपल्याला काय डॉग शोला न्यायचंय, म्हणून पंधरावालं ठरलं (पुणेरी हिशोब, दुसरं काय). मी म्हटलं घरी येऊन बघतो, तर तो विकणारा म्हणे फार्म लांब आहे मॅडम, तुम्हाला कशाला त्रास, मीच आणून देतो. बरं मग आईचा फोटो तरी पाठवा. आला फोटो, हिरव्यागार लॉनवर बसलेली देखणी कुत्री, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात कुठल्यातरी परदेशी वेबसाइटचं नाव. हे मला दिसलं होतं, खोटं कशाला बोलू, दिसलं आणि मी सोडून दिलं कारण तोपर्यंत लेकीने नाव ठेवून झालं होतं. बुंदी.

नवले पुलाखाली तो बाइकवर आला, टाकीवर बिस्किटांचं खोकं, वर पेनाने भोकं पाडलेली, आत तीन पिल्लं एकमेकांवर पडलेली. 'कुठलं पाहिजे ते घ्या' म्हणाला, मंडईत वांगी निवडायला सांगतात तसं. यूपीआय केलं, लसीचं कार्ड हातात दिलं आणि पाच मिनिटांत पसार.

चौथ्या दिवशी बुंदीने खाणं टाकलं, मग उलट्या, संध्याकाळी रक्ताचे जुलाब, तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. डॉक्टरांनी किटवर टेस्ट केली, दोन रेघा आल्या, पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा व्हायरसचा आजार. मग तिचं तोंड उघडून दात बघितले आणि म्हणाले हे दोन महिन्यांचं नाहीच, जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. ह्यांनी कार्ड काढलं, पहिल्या लसीची तारीख १ मे, आणि आम्ही डॉक्टरांसमोर उभे होतो १५ जूनला, तिथेच बोटं मोजली. म्हणजे आमच्या पिल्लाला जन्माच्या दहा दिवस आधी लस दिलेली! शिक्क्यात डॉक्टरांचं नाव वाचता येत नव्हतं आणि रजिस्ट्रेशन नंबरच्या जागी शाई फासलेली. तीन दिवस सलाईन लावलं, गेली बिचारी. लागण झाल्यावर आजार साधारण तीन ते सात दिवसांत बाहेर पडतो, त्यामुळे ती तो तिथूनच घेऊन आली असणार असं डॉक्टर म्हणाले.

मी त्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणतो, 'टेन्शन नका घेऊ मॅडम, सोमवारी नवीन बॅच येतीये, त्यातलं एक देतो ना.' बॅच! मिक्सर बिघडला तर बदलून देतात तसं. हा व्हायरस जागेत कित्येक महिने टिकतो, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की घर ब्लीचने धुवा आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू इतक्यात आणू नका. मग जिथे दर सोमवारी नवीन बॅच येते तिथे काय होत असेल याचा विचार करा.

आणि नियम नाहीत असं अजिबात नाही हो. केंद्राचे कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम २०१७ चे आहेत, पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे २०१८ चे. ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, कुत्री अठरा महिन्यांची झाल्याशिवाय पिल्लं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तर नाहीच. पण मूळ कायदा १९६० चा, त्यात क्रूरतेला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती, तर १० ते ५० रुपये. लक्ष्मी रोडला गाडी उचलून नेली तर याच्या कितीतरी पट भरावे लागतात आपल्याला. पंधरा हजाराला पिल्लू विकणारा पन्नास रुपयांना काय घाबरणार?

सगळे ब्रीडर असे नसतात हेही सांगते. माझ्या मावसबहिणीने नंतर एकाकडून पिल्लू घेतलं, त्याने आधी हिचीच मुलाखत घेतली, दिवसभर घरी कोण असतं, सोसायटीत चालतं का, गावाला गेलात तर कुत्रा कोणाकडे ठेवणार, आणि मग आई दाखवली, पिल्लांसोबत झोपलेली. हिला राग आला होता तेव्हा, लग्नाला मुलगी मागायला आल्यासारखं विचारतो म्हणून. बाणेरला फ्लॅटमध्ये हस्की पाळणाऱ्यांना कोणीतरी असं विचारायला हवं होतं, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसला टेकतो आणि तो बर्फातला प्राणी बाथरूमच्या फरशीवर धापा टाकत पडलेला असतो.

पण माझा मुद्दा आईचा आहे. पिल्लू सगळ्यांना दिसतं, गोंडस असतं, आई कोणाला दिसत नाही. मला ती दिसली, म्हणजे बुंदीची नव्हे पण तशीच एक, दोन महिन्यांनी त्याच दवाखान्यात. दिवे घाटात कोणीतरी सोडून दिलेली लॅब, दोन पोरं रिक्षात घालून घेऊन आली होती. सड लोंबून जमिनीला टेकायला आलेले, कोपरांवर सिमेंटवर बसून बसून पडलेले काळे घट्टे, नखं वळून पंजात घुसलेली. डॉक्टर म्हणाले किती वेतं झाली असतील सांगता येत नाही, आता होत नाहीत म्हणून सोडली. ती कोणाकडे बघतच नव्हती, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

आता ती आमच्याकडे आहे. जिना म्हणजे काय हेच तिला माहीत नव्हतं, पहिल्या पायरीपाशी थरथर कापायची, महिनाभर ह्यांनी अठ्ठावीस किलोचं धूड उचलून वर नेलं आणि कमरेला पट्टा लावून घेतला. अजूनही कोणी बाहेरून आलं की भिंतीकडे तोंड करते.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. फ्लॅटच्या जाहिरातीत तुम्ही महारेराचा नंबर छापता ना, मग पिल्लांच्या जाहिरातीत ब्रीडरचा नोंदणी नंबर आणि पत्ता मागा, नाही दिला तर जाहिरात घेऊ नका. चार ओळींच्या जाहिरातीचे कितीसे पैसे मिळत असतील तुम्हाला. तुमच्या जाहिरातीतल्या त्या नंबरवर मी सोमवारी फोन केला होता, आई बघायला कधी येऊ विचारलं. फोन कट. परत लावला तर ब्लॉक.

आपली,
कोथरूडची एक वाचक