उपवासकाळातील चिंतन व श्रमदानाबाबत सूचना

पालक-शिक्षक संघाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून (१८ फेब्रुवारी २०२६), आपल्या वांद्र्याच्या शाळेत रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटे मौन चिंतन होईल आणि दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर विद्यार्थी आपापले वर्ग झाडून, फळा पुसून बाके नीट लावतील. रविवार वगळून मोजलेले उपवासकाळाचे हे ४० दिवस केवळ मांसाहार सोडण्यापुरते नाहीत. अन्यधर्मीय मुलांना प्रार्थनेची सक्ती नाही; झाडू मात्र सर्वांच्या हाती येईल, तेव्हा आजारपणाखेरीज सूट मागणारी चिठ्ठी कृपया देऊ नये. दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेमुळे वगळले आहे. दानपेटीत मुलांनी खाऊच्या पैशांतून वाचवलेलेच टाकावे. पालकांनी ऐनवेळी हातात नोट कोंबू नये. पेटी २७ मार्च रोजी उघडली जाईल.

सचिव, पालक-शिक्षक संघ