धाकट्याची क्रूझ: पैसे भरण्याआधी

ठाणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

धाकट्याला आणि सूनबाईला लग्नाचा आहेर म्हणून क्रूझ द्यायची तुमची कल्पना मला आवडली. फ्रिजपेक्षा कितीतरी बरी. फक्त बाबा, एजंटला चेक देण्याआधी हे एवढं वाचून घ्या. जहाजात पाय ठेवल्यावर सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते महिना-दोन महिने आधी, कागदपत्रं करताना, आणि नेमकं तेव्हा सगळं घर पत्रिका वाटत फिरत असतं.

पहिला घोळ नावाचा. तांदळात कुठलंही हौसेचं नाव लिहिलं तरी विमानाचं तिकीट, व्हिसा आणि जहाजाचं बुकिंग या तिन्हींवर सूनबाईचं आजच्या पासपोर्टवरचं, म्हणजे माहेरचंच नाव हवं. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. घाईत एजंट मधलं नाव गाळतो आणि मग व्हिसावर एक, तिकिटावर दुसरं असं होऊन काउंटरवर अडतं. लग्न झाल्या झाल्या पासपोर्टवर नाव बदलायला अर्जही टाकायचा नाही. नवा पासपोर्ट आला की जुना रद्द होतो, नंबर बदलतो, आणि व्हिसा तर जुन्या नंबरावर काढलेला असतो. बदलायचंच असेल तर परत आल्यावर, आणि तेही तिची इच्छा असेल तर. दोघांच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक आहे ना, हे आजच बघा.

आता कुठे पाठवायचं. मुंबईहून बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून गोवा आणि लक्षद्वीपकडे कॉर्डेलिया या कंपनीची जहाजं जातात. पासपोर्ट-व्हिसाची कटकट नाही, ही त्यातली मोठी सोय. पण दोघांकडे पासपोर्ट आहेत आणि सुट्टी आठवड्याची आहे, तर पहिल्या वेळेला माझं मत सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या फेरीला. ती मलाक्काच्या सामुद्रधुनीतून मलेशियाचं पेनांग किंवा पोर्ट क्लांग आणि थायलंडचं फुकेत करून सिंगापूरला परत येते. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे तिथला समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. फुकेतच्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल हवा चांगली, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या आपल्या मुहूर्तांशी ते नीट जुळतं. तीन रात्रींत जहाज कळायच्या आत उतरायची वेळ येते. सात रात्री, बोट लागते की नाही हेच माहीत नसलेल्या माणसाला, मी सुचवणार नाही.

तारीख धरताना दोन गोष्टी पाहा. नाताळचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, तेव्हा भाडं चढतं आणि गर्दी मुलाबाळांची असते. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं, त्यामुळे त्या वर्षीची तारीख पाहूनच बुकिंग करा. दुसरं, लग्न आणि विमान यांत आठ दिवस तरी मोकळे सोडा. सत्यनारायण, कुलदैवत, मांडवपरतणं हे सगळं आई तीन दिवसांत बसवेल, पण त्यानंतर दोघांना झोपही हवी! शिवाय जहाज सुटतं त्याच दिवशी सकाळी सिंगापूरला उतरणारं विमान घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. एक रात्र आधी पोचून हॉटेलात राहायचं. सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन आहेत, मरिना बेचं आणि हार्बरफ्रंटचं. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावर कुठलं लिहिलंय ते वाचायचं.

व्हिसा सिंगापूरचा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फतच काढावा लागतो. इथे एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट आहे. दोघं विमानाने सिंगापुरात शिरणार, जहाजाने बाहेर पडणार आणि चार दिवसांनी पुन्हा शिरणार, म्हणजे प्रवेश दोन झाले. व्हिसा बहुधा अनेक प्रवेशांचाच मिळतो, पण छापील कागदावर तसं लिहिलंय याची खात्री करा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, तोही त्यामुळे दोनदा भरायचा, विमानाआधी एकदा आणि जहाजावरून परतताना एकदा, दोन्ही वेळा पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तो फुकट असतो. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आणि थायलंडनेही सवलत दिली, पण या सवलती मुदतीच्या असतात, मधूनच बदलतात. बुकिंगच्या दिवशी आणि निघण्याआधी, अशी दोनदा चौकशी करायला एजंटला सांगा.

खोलीबद्दल मी जरा जास्त लिहिते, कारण पैसे तिथेच जातात. आतली बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. तिच्यात दिवा मालवला की दुपारीही मिट्ट काळोख. मधुचंद्राला बाल्कनीचीच घ्या. बाल्कनी धरून ती साधारण 20 चौरस मीटर, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे चौरस फूट असते, त्यामुळे एकच मोठी बॅग पुरे. ती पलंगाखाली सरकते. शालू घरीच राहू दे. ‘गॅरंटी’ नावाची खोली स्वस्त दिसते, पण तिचा नंबर कंपनी ठरवते, तुम्ही नाही. नंबर आपणच निवडायचा आणि जहाजाचा नकाशा समोर ठेवून निवडायचा. जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर हलणं कमी जाणवतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर दणके जास्त बसतात, तसंच हे. वरच्या मजल्यावर स्विमिंग पूल असेल तर त्याच्या बरोबर खालची खोली नको, पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली तर नकोच, पलीकडचं बोलणं ऐकू येतं. दोन वेगळे पलंग जोडून एक करून मिळतात, पण ते आधी कळवावं लागतं. मधुचंद्र आहे हेही बुकिंगमध्ये लिहायला सांगा. फार तर एखादा केक मिळेल, पण जेवणाच्या दालनात दोघांचंच टेबल मागायला त्याचा उपयोग होतो. तेही आधीच मागायचं, नाहीतर आठजणांच्या टेबलावर अनोळखी काकांसमोर चार दिवस जेवण. शाकाहारी जेवणाचीही नोंद तेव्हाच. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय प्रवासी पुष्कळ असतात, त्यामुळे जेवणाची चिंता करू नका.

बाबा, भाडं नेहमी माणशी लिहिलेलं असतं, खोलीचं नव्हे. त्यावर बंदराचे कर वेगळे, आणि नोकरवर्गाची बक्षिशी वेगळी. ती रोज माणशी आपोआप बिलात चढते. 18 डॉलर धरले तर दोघांचे चार रात्रींचे 144 अमेरिकी डॉलर झाले. एजंटच्या आकड्यात हे धरलंय का, विचारा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतात. ज्याच्या पॅनवर पावती त्याच्याच विवरणपत्रात तो वळता होतो. पैसे तुम्ही देणार तर पावती तुमच्या पॅनवर घ्या, उगाच धाकट्याच्या खात्यात घोळ नको. पूर्ण रक्कम साधारण दोन-तीन महिने आधी भरावी लागते आणि तारीख जवळ येईल तसा रद्द करण्याचा दंड वाढत जातो, म्हणून मुहूर्त पक्का झाल्याशिवाय चेक नको. प्रवासविम्यात क्रूझ हा शब्द स्पष्ट आहे का, तेही पाहा. जहाजावर रोख चालत नाही, खोलीचं कार्डच दाखवायचं आणि शेवटी बिल भरायचं. त्यासाठी दोघांनी क्रेडिट कार्ड द्यावं. डेबिट दिलं तर जहाज रक्कम रोखून धरतं आणि ती सुटायला दिवस लागतात. दारूचं पॅकेज कुणी आग्रहाने विकलं तर नाही म्हणायचं. काही कंपन्यांचा नियम असा, की खोलीतल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. आपल्या सूनबाई घेत नाहीत, मग दुप्पट पैसे कशाला?

बाबांनी फोनवर रामदास बोटीचा विषय काढलाच होता. 17 जुलै 1947, भर पावसाळा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट, सहाशेहून अधिक माणसं गेली. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण आजच्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर होड्या आणि तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांच्या सव्वापट जागा ठेवावीच लागते. जहाज सुटण्याआधी प्रत्येकाला कवायतीसाठी जावं लागतं आणि सात छोटे, एक लांब भोंगा म्हणजे धोका, हे शिकवलं जातं. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळलं, त्यानंतर ही कवायत सुटण्याआधीच घेण्याचा नियम झाला. धाकट्याला सांगा, ती चुकवून सेल्फी काढत बसू नकोस.

बोट लागण्याचं मात्र खरं आहे. आंबा घाटात ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागू शकते. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात राहतच नाही. जहाज सुटण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची. अ‍ॅव्होमाइनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्यावर मद्य नको, आणि किती घ्यायच्या ते आपल्या डॉक्टरांना विचारून. खोकल्याचं कोडीनवालं औषध सिंगापूरला नेऊच नका. गोळ्या, पासपोर्ट आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि खोलीत संध्याकाळी पोचवतात. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली आणि उदबत्ती जहाजावर चालत नाही. आई, देवाला नमस्कार हात जोडूनही होतो.

फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो, जहाज मात्र बहुधा स्वतःच्याच वेळेवर चालतं. मोबाइलवर चार वाजलेले असतात आणि जहाजावर पाच! बंदरात माणसं मागे राहतात ती अशी. त्यामुळे दोघांनीही साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून घ्यावं. फुकेतला जहाज कधी धक्क्याला न लागता समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, तिथेही परतीची रांग धरून हिशोब करायचा. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर साठ किलोमीटरच्या आसपास, आणि परतीला वाहनांची कोंडी. तिकडे जायचंच तर जहाजाच्याच सहलीने जावं, तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पेनांगला मात्र धक्का जॉर्ज टाउन या जुन्या शहराच्या दारातच आहे, तिथे पायी फिरा, टॅक्सीची गरजच नाही.

आणि फोन. समुद्रात मोबाइलला जहाजाचा स्वतःचा टॉवर पकडतो, तो नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही आणि बिल डोळे पांढरे करतं. म्हणून दोघं फोन फ्लाइट मोडवर ठेवणार. बंदरात उतरले की मेसेज करतील. आई, मधल्या काळात फोन लागला नाही तर मला रात्री अकराला उठवू नकोस. जहाजाचं नाव, निघण्याची तारीख, खोलीचा नंबर आणि कंपनीचा दूरध्वनी एका कागदावर लिहून कॅलेंडरला टाचून ठेव.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढायच्या, नाहीतर नवरी नाइटीवर उतरते. परतीचं विमान दुपारी एकनंतरचंच घ्या.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅप करा. एजंटचं कोटेशनही पाठवा, त्यात काय गाळलंय ते मी लाल पेनाने लिहून देते.

तुमची,
लेक

ता. क. आई, बॅगेत अनारसे किंवा डिंकाचे लाडू भरू नकोस. त्यांत खसखस असते, आणि खसखस सिंगापूरच्या अंमली पदार्थांच्या नियमांत अडकते. बंद पाकिटातला चिवडा चालेल.