आई-बाबा, वाळवंटातल्या संध्याकाळीला नाही म्हणू नका

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. फोनवर बोलायला लागलं की मध्येच छोटी येते, मग दादाला ऑफिसचा कॉल येतो आणि आपलं बोलणं अर्धवटच राहतं, म्हणून सगळं सविस्तर टाईप करून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा.

इकडे बडोद्यात सगळं ठीक आहे. दांडिया बाजारच्या घरी मी एक दिवसाआड जाऊन येते, तुळस छान आहे, कुंडीतला मोगरा थंडीमुळे जरा गप्प बसलाय. खंडेराव मार्केटला पोंक म्हणजे हुरडा आलाय, उत्तरायणासाठी मांजा रंगवणारे रस्त्याच्या कडेला चरख्या घेऊन बसलेत. यंदा गच्चीवर तुम्ही नाही याचं वाईट वाटतंय पण तो विषय आत्ता नको, नाहीतर आई लगेच परतीचं तिकीट काढायला सांगेल.

विषय आहे दुबईच्या डेझर्ट सफारीचा, म्हणजे वाळवंटातल्या सहलीचा. दादा म्हणाला की तो बुकिंग करतोय म्हटल्यावर बाबा तुम्ही म्हणालात, "तुम्ही तिघं जा, आम्ही घरी बसतो, वाळवंटात बघायचं काय, कच्छमधलं धोरडोचं रण पाहिलंय की." आणि आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यांमुळे तुमची मजा जाईल." हे ऐकून मला खरंच फार लागलं. आमच्या शाळेच्या एकाही सहलीला तुम्ही नाही म्हटलं नाहीत, बाबा तुम्ही रिफायनरीत नाईट शिफ्ट करून सकाळी आम्हाला बसवर सोडायला यायचात, आणि तुमची स्वतःची वेळ आली की कायम "आम्ही घरी बसतो." धोरडोलाही गेलात ते मामाने आधीच तिकिटं काढून हातात ठेवली म्हणून. तेव्हा या वेळी घरी बसायचं नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दादाकडे आलो होतो तेव्हा हे सगळं मी पाहिलंय आणि प्रत्येक ठिकाणी तुमचीच आठवण येत होती, म्हणून यातलं काय तुमच्यासाठी आहे आणि काय अजिबात नाही ते नीट लिहिते.

आधी बाबांचं धोरडो. ते रण सपाट, पांढरं, पाणी सुकून मागे राहिलेलं मीठ. हे वेगळंच आहे. दुबईहून हत्ताच्या रस्त्याने तासाभरात लाहबाब येतं, तिथे वाळूच्या टेकड्यांमागे टेकड्या आणि रंग तांबूस, कारण वाळूच्या कणांवर लोखंडाच्या ऑक्साईडचा थर असतो, म्हणजे एका अर्थाने गंजच. ऊन कलायला लागलं की तो रंग दर पाच मिनिटांनी बदलतो, टेकडीची एक बाजू केशरी आणि दुसरी पार काळपट, आणि मधली धार सुरीने कापल्यासारखी. जानेवारीत तिकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो म्हणून गाड्या दुपारी तीनच्या सुमारास घरून न्यायला येतात. दुपारी अगदी हलकं जेवा, आमटी-भात पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सफारीत पहिलं असतं ते ड्यून बॅशिंग, म्हणजे मोठ्या फोर-बाय-फोर गाडीतून टेकड्यांवर सुसाट चढायचं आणि तिरकं घसरत उतरायचं, वीस मिनिटं ते अर्धा तास. ते तुम्ही दोघांनी करायचं नाही, एकदम नाही. बाबांचा हृदयाचा स्टेंट आहे, आईची मान आहे, आणि गाडी टेकडीवरून खाली आपटते तेव्हा धक्का थेट कण्यात जातो, मागच्या सीटवर तर जास्तच. हृदयाचा, मानेचा, पाठीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी बसू नये असं कंपन्या स्वतःच सांगतात, तेव्हा यात लाजायचं काही नाही. दादाने बुकिंग करतानाच सांगायचं की दोघांना थेट कॅम्पवर न्या, तशी सोय करून देतात. दादा-वहिनीला उड्या मारायच्या असतील तर त्यांनी वेगळ्या गाडीत बसावं. "एकदा बसून बघू, काही होत नाही" असं बाबा तिथे गेल्यावर म्हणणार हे मला माहितीये, म्हणून आई, तू त्यांचा हात सोडू नकोस.

पण बाबा, त्या गाडीचा एक भाग तुम्हाला बघायलाच हवा आणि तो उतरून, जमिनीवर उभं राहून बघायचा आहे. डांबरी रस्ता संपतो तिथे सगळ्या गाड्या थांबतात आणि चाकांमधली हवा काढतात. आमचा ड्रायव्हर गुडघ्यावर बसला, व्हॉल्व्हमध्ये बारीक पिन दाबली, सूं असा आवाज आणि टायर हळूहळू खाली बसत पोटाला फुगत गेला, मध्येच गेज लावून बघायचा, परत दाबायचा. रस्त्यावर हवेचा दाब पस्तीसच्या आसपास पीएसआय असतो तो पंधराच्या आसपास आणतात. मला वाटलं होतं वाळूत रुतू नये म्हणून टायर टणक लागेल, तर उलटं, हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळू खणत खाली जाण्याऐवजी वरून चालते. परत रस्त्यावर यायच्या आधी कॉम्प्रेसरने हवा भरतात, नाहीतर डांबरावर टायर तापेल. तुम्ही आयुष्यभर प्रेशर गेज वाचलेत, तुम्ही त्या ड्रायव्हरला असे प्रश्न विचाराल की त्यालाही बरं वाटेल. कॅम्पला नेणारी गाडी तिथे थांबेल का ते दादाला विचारायला सांगा.

कॅम्पमध्ये शिरताच खजूर आणि गावा मिळतो. गावा म्हणजे त्यांची कॉफी, दूध नाही, साखर नाही, हलक्या भाजलेल्या बियांची म्हणून रंगाने पिवळट, आणि वेलदोड्याचा असा वास की आई तुला श्रीखंड घोटत असल्याचा भास होईल. चोचीच्या पितळी भांड्यातून ओततात, भांडं डाव्या हातात आणि कप उजव्या हातात धरून, कप इवलासा, कान नसलेला, आणि अर्धासुद्धा भरत नाहीत. संपला की लगेच परत ओततात, कितीही नको म्हटलं तरी, कारण बास झालं हे सांगायची त्यांची पद्धत म्हणजे रिकामा कप हातात थोडासा डावीउजवीकडे हलवायचा. ही कॉफी पाजणं म्हणजे त्यांच्याकडे आतिथ्याची मोठी गोष्ट, 2015 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही आली. आई, आपल्याकडे दाराशी आलेल्याला पाणी न देता तू कधी पाठवलं नाहीस, तुला हे फार आवडेल.

उंटाचं सांगते. बसलेल्या उंटावर चढायचं असतं आणि तो उठतो तो आधी मागच्या पायांवर, त्यामुळे आपण एकदम पुढे तोंडावर जातो, मग पुढचे पाय सरळ करतो तेव्हा मागे. मागे रेलून खोगिराची मूठ घट्ट धरली तर काही होत नाही, माझ्या पुढचे आजोबा मस्त बसून आले, फेरीही पाच मिनिटांचीच. पण आईच्या गुडघ्यांना पाय पलीकडे टाकणं जमणार नाही आणि बाबांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. तुम्ही बसलेल्या उंटाजवळ उभं राहा, फोटो काढा, आणि त्याच्या पापण्या बघा, लांब, दुहेरी, वाळू डोळ्यांत जाऊ नये म्हणून. तिथे ससाणा हातावर घेतलेला माणूसही असतो. चार चाकांची क्वाड बाईक वगैरे दादाला करू दे, त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे असतात, आधी विचारून घ्यायला सांगा.

आणि आई, कॅम्पच्या बाहेर मला एक झाड दिसलं, बारीक पानांचं, काटेरी, वाळूत एकटंच उभं. ड्रायव्हर म्हणाला घाफ. घरी येऊन शोधलं तर ती आपली शमी! दसऱ्याला तू जिची पानं देवापुढे ठेवतेस तीच, गुजरातीत खीजडो म्हणतात तीच. 2008 पासून ते तिकडचं, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचं, राष्ट्रीय झाड आहे, मुळं जमिनीत इतकी खोल जातात की वर एक थेंब पाणी नसतानाही हिरवं राहतं, उंट खातात, माणसं सावलीला बसतात. परक्या मुलुखात आपली शमी भेटली याचा मला किती आनंद झाला सांगू! दिसली तर तू नमस्कार करणार हे नक्की.

जेवणाची काळजी करू नका. मांसाहारी ग्रिल वेगळीकडे असते आणि व्हेज काउंटर वेगळा, बुकिंगच्या वेळी दोन जण शुद्ध शाकाहारी असं सांगून ठेवायचं, जैन जेवणसुद्धा आधी सांगितलं तर करतात, शेवटी तिकडे इतके गुजराती जातात. आम्हाला डाळ, भात, पनीर, खुब्ज म्हणजे त्यांची रोटी, काबुली चणे वाटून तिळाच्या पेस्टमध्ये केलेलं हम्मस, फलाफल असं सगळं होतं. लुकैमत जरूर खा, मैद्याचं पीठ आंबवून तळलेले छोटे गोळे आणि वरून खजुराचा पाक, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. बाबा, दोनच. जेवण वाढायला आठ होतात, त्यामुळे रात्रीच्या गोळ्या पर्समध्ये ठेवा, घरी यायला साडेनऊ वाजतात.

बसायला मात्र बहुतेक कॅम्पमध्ये गालिचे, गाद्या आणि बुटकी टेबलं असतात. आईला खाली बसता येणार नाही, म्हणून आल्या आल्या खुर्च्या मागून घ्या, देतात. स्टेजच्या अगदी पुढे बसू नका, फायर शोच्या वेळी धूर येतो. कार्यक्रमात तनुरा म्हणून जो नाच आहे तो चुकवू नका, इजिप्तकडचा, दरवेशांच्या म्हणजे सूफी फकिरांच्या गिरक्यांमधून आलेला. एक माणूस जड, रंगीत घागऱ्यांचे थर घालून एकाच दिशेने गरगर फिरत राहतो, थांबतच नाही, मग फिरता फिरताच वरचा घागरा कमरेतून सोडवून डोक्यावर छत्रीसारखा धरतो. मला बघून चक्कर येईल असं वाटलं होतं पण उलट मन एकदम शांत झालं. बेली डान्स पण असतो, तो मूळ तिथल्या बेदू म्हणजे वाळवंटातल्या भटक्या लोकांचा नाही, आई तुला बघवत नसेल तर तेवढ्या वेळात मेंदीच्या स्टॉलवर जाऊन ये, हातावर छान वेलबुट्टी काढून देतात. तिथला खरा जुना नाच म्हणजे अयाला, पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात वेताच्या बारीक काठ्या आणि ढोलाच्या तालावर सगळ्यांच्या माना एकत्र डुलतात, पण तो सगळ्या कॅम्पमध्ये नसतो. पुढच्या महिन्यात रमजान लागला की नाच-गाणी बहुतेक ठिकाणी बंद असतात, म्हणूनही आत्ताच जा म्हणते.

शो संपल्यावर काही मिनिटं सगळे दिवे बंद करतात. बाबा, तेव्हा पूर्वेकडे वर बघा, तुमचं मृग नक्षत्र आणि त्याच्या खाली व्याध, आपल्या गच्चीवरून तुम्ही बोट धरून दाखवायचात तेच, पण आता बडोद्यात इतके दिवे झालेत की मला तिथून ते तसं दिसतच नाही. छोटीला तुम्हीच दाखवा, तिच्या आई-बाबांना येत नाही.

अजून एक पर्याय दादाला सांगितलाय. दुबईत वाळवंटाचं एक राखीव क्षेत्र आहे, सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं, तिथे 1950 च्या दशकातल्या जुन्या उघड्या लँड रोव्हरमधून सावकाश फिरवतात, उड्या नाहीत, आणि अरबी ओरिक्स दिसतात, पांढरी, सरळ लांब शिंगांची हरणं. 1972 मध्ये ती रानातून पार संपली होती, पिंजऱ्यांत वाढवून 1982 पासून ओमानमध्ये परत सोडली आणि मग इतर देशांतही. माझ्या मते तुमच्यासाठी हेच जास्त चांगलं. महाग आहे, हे खरं. पण बाबा, हात जोडून सांगते, दिरहमला रुपयांनी गुणत बसू नका, मी आणि दादाने अर्धे-अर्धे द्यायचं ठरवलंय आणि हे पैसे द्यायला मिळतायत याचा आम्हाला आनंद आहे.

शाल आणि आईचा तो राखाडी स्वेटर न्या, सूर्य गेला की वाळू झपाट्याने गार होते. पायात पट्ट्याच्या चपला घाला, वाळूत चालताना गुडघ्यावर जोर येतो म्हणून आई तू गालिच्यांवरूनच चाल, आणि कॅम्पमध्ये टॉयलेट असतं, त्याची काळजी नको, पाणी कमी पिऊन बसू नकोस. शनिवार-रविवारी तिकडे सुट्टी असते म्हणून गर्दी होते, मधला वार बघा. दादाला मंगळवार किंवा बुधवार जमेल म्हणालाय, कुठला ठरला ते आजच कळवा, मी त्या दिवशी संध्याकाळी फोन करणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी करते आणि आईकडून आधी ऐकणार, मग बाबांकडून.

छोटीला पापी.

तुमची लेक