मिठाची बरणी

ती. आई-बाबा, सा. न.

आधी कबूल करते. निघण्यापूर्वी ओट्यावरच्या बरणीतलं मीठ मी बदललंय. नेहमीचं भरलं, फोनमधल्या एआयला विचारून तुम्ही आणलेलं कमी सोडियमच्या मिठाचं नवीन पाकीट माझ्या पिशवीतून पुण्याला आलं. बाबा, आईला बोलू नका, तिला ठाऊकच नव्हतं. तुम्ही दुपारचे पडला होतात. उठवून वाद घालणं जिवावर आलं.

त्या मिठात सोडियम कमी असतं ते खरं, पण त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीनेही, टेल्मिसार्टनने, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात तुमचं क्रिएटिनिन वर, म्हणजे मूत्रपिंडं थोडी थकलेली. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. फोनला हे कुठून कळणार? तुमची फाईल आईच्या कपाटात, साड्यांखाली.

"तपासल्याशिवाय कुणी लिहील का?" म्हणालात. बाबा, मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलच्या एआयने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घालायला सांगितलं. (आई, लाडवातला नव्हे, कागद चिकटवायचा.) रेडिट या गप्पांच्या संकेतस्थळावर कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेली थट्टा यंत्राने जशीच्या तशी उचलली. रोज एक लहान दगड खा, असंही सांगितलं. ते 'द ओनियन' या थट्टेच्या बातम्या छापणाऱ्यांचं. माझ्याकडून तांदूळ दोनदा निवडून घेणारे तुम्ही!

चूक माझीच. फोन मी दिला, प्रश्न विचारायलाही मीच शिकवलं, आणि नंतर तुमचे फोन घाईत आटोपले. मग तुम्ही त्यालाच विचारणार.

मला टायफॉइड झाला तेव्हा पेज घशाखाली उतरेना, म्हणून तुम्हीही माझ्यासोबत आठवडाभर पेजच जेवलात. विसरले नाहीये. आता मीही लोणचं-पापड सोडलंय.

सोमवारी सकाळी सातला रक्त घ्यायला मुलगा येईल. पैसे भरलेत, त्याला परत पाठवू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आणि दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाकायचा. कडू म्हणजे औषधी नाही, कडू दुधी विषारी असतो. अण्णांच्या वेळचं पुन्हा नको.

चहा, दुपारचा मऊ भात, संध्याकाळची दोन बिस्किटं, कशालाही हात लावलेला नाही. फोनही तुमचाच. क्रिकेट बघा, भजनं ऐका. खाण्याचं मात्र मला विचारा, रात्री बारालासुद्धा.

आमटी कशी झाली ते कळवा.

तुमची,
ठमी