हात भरून येतो म्हणालीस, त्याबद्दल

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

पियानोवर दुसऱ्या पानावरचा जलद तुकडा वाजवून झाला की उजवा हात कोपरापर्यंत भरून येतो, आणि बोटांत ताकद कमी पडते म्हणून तू व्यायाम वाढवणार आहेस, असं लिहिलंस. व्यायाम वाढवू नकोस. हात भरून आला की त्या दिवशी तो तुकडा बंद. दुखणं सोसून वाजवण्यात काडीचं शौर्य नाही. मुंग्या येत असतील किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, तर सरळ डॉक्टरांकडे जा.

आता ताकदीचं. पियानोची पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन पुरतं आणि ती जेमतेम सेंटिमीटरभर खाली जाते. तू पट्टी दाबलीस की आतली हातोडी तारेकडे फेकली जाते. तारेला लागण्याच्या किंचित आधी ती पट्टीच्या तावडीतून सुटते आणि उरलेलं अंतर आपल्याच वेगात जाते. सूर मोठा की हळू, हे सुटतानाच्या त्या वेगावर ठरतं. नंतर पट्टी तळाशी कितीही रेटून धरलीस तरी त्या सुरात तसूभर फरक पडत नाही. ती कधी सोडायची, एवढंच तुझ्या हातात उरतं. तुझ्या डिजिटल पियानोत तारा नाहीत, पण तिथेही मोजला जातो तो पट्टीचा वेगच.

हे नुसतं वाचून सोडू नकोस, करून बघ. तिसऱ्या, म्हणजे मधल्या बोटाने एक सूर वाजव आणि पट्टी धरून ठेव. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग चाचप. कडक लागेल. आता पट्टी वर येऊ न देता जोर कमी करत जा, अगदी आता सुटेल असं वाटेपर्यंत. एवढाच जोर लागत होता. बाकीचा तू फुकट खर्च करत होतीस. जलद तुकड्यात प्रत्येक सुरानंतर तो फुकटचा जोर साठत जातो, म्हणून तुकडा संपेपर्यंत हात दगड होतो. ‘सैल सोड’ असं सगळे शिक्षक सांगतात, पण कधी सोडायचं ते थोडेच सांगतात. सूर उमटला की लगेच, पुढच्या सुराच्या आधी. संथ वाजवताना आधी हेच शिकायचं असतं.

आणखी एक. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि कंडरांनी, म्हणजे दोरीसारख्या तंतूंनी, बोटं ओढतात. म्हणून थकतो तो हात, बोट नव्हे. अनामिका उचलताना शेजारची बोटं हलतात, कारण हाताच्या पाठीवर त्यांच्या कंडरा एकमेकींना जोडलेल्या असतात. ती ठेवण व्यायामाने बदलत नाही. संगीतकार रॉबर्ट शूमनचा उजवा हात विशी नुकतीच ओलांडली असताना अधू झाला. बोटं सुधारण्यासाठी त्याने वापरलेल्या उपकरणाचा त्यात किती हात होता, यावर अजून वाद आहे. पण पियानोवादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. तेव्हा चौथ्या बोटाशी भांडू नकोस. त्याच्यावर सूर आला की मनगट आणि कोपरापुढचा हात किंचित त्याच्या बाजूला नेऊन आधार दे.

बैठकही बघून घे. कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा जरासं वर, आणि खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बस. हाताच्या ठेवणीसाठी संगीतकार शोपाँची युक्ती मला फार आवडते. तो शिष्यांना सी मेजर स्केल, म्हणजे फक्त पांढऱ्या पट्ट्यांची सुरावळ, सुरुवातीला देतच नसे, आधी बी मेजर देई. ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर पाच बोटं ठेवून बघ. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. हात आपोआप गोलाकार बसतो. सी मेजर वाचायला सोपं, पण हाताला अवघडच.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी नीट ऐकलं. दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात, त्याच जागी अडखळणं, दोन सूर मागे येऊन दुरुस्ती, आणि पुढे चालू. अगं, असं पुन्हा पुन्हा केलंस की हात ते अडखळणं आणि ती दुरुस्ती दोन्ही पाठ करतो. याला वाजवणं म्हण, रियाज नको म्हणूस. चुकलेला सूर सोड, त्याच्या आधीचे दोन सूर बघ. माझ्या कानाला तिथे अंगठा उशिरा येतो असं वाटतं. तिसरं बोट वाजेपर्यंत तो बाहेरच थांबत असावा आणि मग एकदम तळहाताखाली घुसत असावा. कोपराला झटकाही तिथेच बसत असेल. अंगठ्याची पट्टी सुटली की लगेच त्याला पुढच्या जागेकडे निघू दे, आणि सगळा पुढचा हात त्याच्याबरोबर सरकव. जलद वाजवताना अंगठा फार खाली घुसवायचा नसतोच, हातच जागा बदलतो.

ही जागा आणि तिच्या पुढचा एक सूर, एवढाच तुकडा घे. पुढचा सूर कोणता, कोणत्या बोटाने, हे वाजवण्याआधी माहीत असेल इतका संथ. चार-पाच वेळा स्वच्छ आला की सोडून दुसऱ्या कशाकडे वळ, थोड्या वेळाने परत ये. परत आल्यावर जरा अडखळशील, ते ठीक आहे. तिथे आठवावं लागतं, आणि आठवावं लागलेलं टिकतं. मेट्रोनोमचा, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राचा, काटा एकेक घर पुढे सरकवत वेग वाढवण्यावर माझा फारसा भरवसा नाही. संथ गतीत चालणारी हालचाल जलद गतीत चालेलच असं नाही, आणि ते कळेपर्यंत ती हाडीमाशी खिळलेली असते. म्हणून मधूनच तीन-चार सूर पूर्ण वेगात वाजव, थांब, हात सोड, मग पुढचे तीन-चार. सूर लांबवणारं पेडल या सगळ्यात बंद. ते चुका झाकतं.

तिसऱ्या ओळीत छापलेले बोटांचे आकडे तुझ्या हाताला सोयीचे नाहीत असं मला वाटतं. वरच्या सुरावर 4 ऐवजी 5 घेऊन बघ, आणि जे ठरेल ते पेन्सिलने लिही. रोज वेगळी बोटं घेतलीस तर काहीच बसणार नाही. पुढचं रेकॉर्डिंग करताना फोन पियानोच्या उजव्या बाजूला, पट्ट्यांच्या उंचीवर ठेव. मला मनगट आणि कोपर बघायचंय. अंगठ्याबद्दलचा माझा अंदाज खरा की खोटा, ते तेव्हाच कळेल.

तुझी,
आई