तिसरा रकाना भरायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच उसाच्या भावावर येता.

१२ मार्च २०२१ ला मानवरहित विमानांचे, म्हणजे ड्रोनचे, ते नियम आले, तेव्हा आम्ही सगळे हबकलो होतो. लग्नाचं शूटिंग करणारा मी, उसावर फवारणी करणारी पोरं आणि तुमच्याकडे फोमची विमानं बनवायला येणारे कॉलेजचे विद्यार्थी, सगळ्यांच्या मागे एकच कागदांचं लचांड. २५ फॉर्म, फीचे ७२ प्रकार! आम्ही नुसत्या शिव्या घालत होतो. तुम्ही मात्र दिल्लीच्या विमान वाहतूक मंत्रालयाला सूचना पाठवायला शंभरपानी वही काढलीत आणि पट्टीने तीन रकाने आखलेत: नियम क्रमांक, अडचण, त्याऐवजी काय लिहावं. "तिसरा रकाना कोरा असेल तर पाठवू नका. दिल्लीतल्या माणसाला तुमचं रडगाणं नकोय, वाक्य हवंय."

मग तुम्ही एकेकाला धरून बसवलंत. नॅनोचा, म्हणजे सगळ्यात छोट्या ड्रोनचा, नियम अजून आठवतो. वजन २५० ग्रॅमच्या आत, पण वेग सेकंदाला १५ मीटरच्या वर गेला की ते खेळणं वरच्या वर्गात. पोरं म्हणाली, हा अन्याय आहे. तुम्ही म्हणालात, अन्याय दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्यात लिहा, 'वर्गवारी फक्त वजनावर करावी.' माझी तक्रार पिवळ्या झोनची, म्हणजे जिथे परवानगी घेऊनच ड्रोन उडवता येतो त्या भागाची, होती. विमानतळापासून ४५ किलोमीटर म्हणजे कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मोजलं तर इचलकरंजी आत, जयसिंगपूर आत, शिरोळही आत. आमच्या गावावरून विमान जातं ते ढगात ठिपका दिसावं इतक्या उंचीवरून, आणि मी उडवणार मंडपाच्या वर. तुम्ही मला नकाशावर कंपासने वर्तुळ काढायला लावलंत आणि तो कागद पत्राला जोडलात.

१४ जुलैला नवा मसुदा आला, सूचनांची मुदत ५ ऑगस्ट. त्यातच जुलैअखेर कृष्णा-पंचगंगेला पूर. अर्धं शिरोळ पाहुण्यांकडे मुक्कामाला, आणि तुम्ही तिथून फोन करून विचारताय, "कलम वाचलंस का?" तेव्हा वैताग आला होता, खरं सांगतो.

तुमच्या वहीमुळे देशाचे नियम बदलले असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही ते आवडायचं नाही. देशभरातून स्टार्टअप, संशोधक, वापरणारे सगळेच बोलले होते, आणि जुने नियम जाचक वाटल्याचं लोकांनी कळवलं, हे मंत्रालयाने स्वतः मान्य केलं. पण त्या ढिगात आपल्या तालुक्याचे कागद होते, ते तुमच्यामुळे.

२५ ऑगस्टला ड्रोन नियम २०२१ आले. फक्त ५ फॉर्म, फीचे ४ प्रकार. पिवळा झोन १२ किलोमीटरवर, त्यामुळे इचलकरंजी-जयसिंगपूर त्यातून सुटलं. वर्गवारी निव्वळ वजनावर. मोठ्या ड्रोनच्या पायलट परवान्याची ३००० रुपये फी होती, ती सगळ्यांना सरसकट १०० झाली. (प्रशिक्षणाचा खर्च अजून कंबरडं मोडतो, तो भाग वेगळा.) पुढच्या फेब्रुवारीत तर परवान्याऐवजी प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र पुरेसं ठरलं. फवारणीवाल्या पोरांपैकी काहींनी ते काढलंय आणि आता ती हंगामात फोन उचलत नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा तुमची तब्येत बरी नव्हती, म्हणून आम्हीच बसलो. शिक्षेची कलमं वाचून पोरं तापली होती. वही नवी, रकाने तेच. पाठवण्याआधी तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही 'अत्यंत जुलमी' हे दोन शब्द खोडलेत आणि बाकी काही न बोलता चहा मागवलात. पत्र तसंच, ते दोन शब्द वगळून, दिल्लीला गेलं.

आपला,
जयसिंगपूरचा ड्रोनवाला