बातमी नुसती वाचली जात नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात टोकियोच्या गव्हर्नर युरिको कोइके यांच्यावरचा लेख वाचला. ‘टीव्हीवरचा गोड चेहरा थेट सत्तेत’ हे शीर्षक काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

‘थेट’ कसं? टीव्ही टोकियोवर १९८८ पासून रात्रीचं अर्थविषयक बातमीपत्र सांभाळणारी ही बाई १९९२ मध्ये जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेली, २००३ मध्ये पर्यावरणमंत्री झाली आणि टोकियोची सूत्रं हाती यायला २०१६ उजाडलं. मधे चोवीस वर्षं गेली. त्याआधी कैरोत शिकून त्यांनी अरबी दुभाष्याचं काम केलं होतं, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

मी स्वतः बावीस वर्षं एका रेडिओ केंद्रावर हंगामी वृत्तनिवेदिका होते. पहाटे साडेचारला पोहोचायचं, इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचं, मग वाचायचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीच्या भूकंपाच्या सकाळी, फोन लागत नव्हते. गावांची नावं एकेक करून पडताळली, कारण चुकीच्या गावाचं नाव गेलं असतं तर कुणाच्या तरी घरी उगाच रडारड झाली असती. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना साहेब एवढंच म्हणाले, “बाईंचा आवाज फार गोड.” ते वाक्य मला अजून टोचतं, आणि काल तुमच्या शीर्षकात तेच पुन्हा भेटलं.

कोइके यांच्यावर टीका जरूर करा. त्यांनी पक्ष किती बदलले ते लिहा. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत अफवांवरून कोरियन लोकांची कत्तल झाली. त्यांच्या स्मृतिसभेला गव्हर्नर दरवर्षी संदेश पाठवत. कोइके यांनी पहिल्या वर्षी पाठवला आणि २०१७ पासून बंद केला. अफवेने माणसं मरतात हे बातमीदारीतून आलेल्या व्यक्तीला कळायला हवं होतं. मला त्यांचा राग येतो तो यासाठी. त्यावर मात्र लेखात एक ओळ नाही.

आणखी एक. लेखात त्यांना तीनदा ‘राज्यपाल’ म्हटलं आहे. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. टोकियोच्या गव्हर्नरला लोक निवडून देतात. २०२४ मध्ये कोइके तिसऱ्यांदा निवडून आल्या त्या २९ लाखांवर मतं घेऊन. त्याच निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या रेन्हो यासुद्धा टीव्हीवर बातम्या देत होत्या. दुरुस्ती छापावी, आणि ती लेख जिथे आला त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त वृत्तनिवेदिका, सातारा